दहा आज्ञा आणि एक वसाहत

पोलिश दिग्दर्शक क्रिश्तोफ किश्लोव्स्की यांची 'डेकालोग' ही दहा चित्रपटांची मालिका आता चित्रपट-मंडळांच्या सभासदांपुरती राहिलेली नाही. ज्याला इच्छा आहे त्याला ती घरबसल्या पाहता येते. तिच्याविषयी बोलले जाते ते मात्र बहुधा दोनच प्रकारांनी. एक पक्ष म्हणतो, बायबलातील दहा आज्ञांवरची ही दहा प्रवचने आहेत. दुसरा म्हणतो, त्या आज्ञा आजच्या जीवनात कशा निरुपयोगी ठरतात याचे हे दहा दाखले आहेत. हे दोन्ही अभिप्राय आम्हांला अपुरे वाटतात. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. विषय परक्या देशाचा आणि परक्या धर्माचा असला, तरी ज्यांचे आयुष्य नियमांची पुस्तके उलगडण्यात आणि बदलीच्या गावी मिळेल त्या शेजारात राहण्यात गेले, त्या आमच्या वाचकांना तो फार दूरचा वाटू नये.

मालिकेचा जन्म थोडक्यात सांगितला पाहिजे. 1981 च्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. त्या काळच्या राजकीय खटल्यांत आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलांत क्रिश्तोफ पिसेविच हे एक होते. 1984 मध्ये पोपिएउश्को या धर्मगुरूंचा खून सरकारी गुप्तपोलिसांनी केला, त्या खटल्यातही ते मृताच्या बाजूने उभे राहिले. किश्लोव्स्की आणि पिसेविच यांनी एकत्र लिहिलेला पहिला चित्रपट 1985 चा. त्यानंतर दहा आज्ञांवर कोणीतरी चित्रपट काढावेत ही कल्पना निघाली ती दिग्दर्शकाच्या मनातून नव्हे, या वकिलाच्या. 1988 पर्यंत बहुतेक काम उरकले, 1989 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दहाही भाग दाखविले गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरापासून पोलिश दूरचित्रवाणीवर ते प्रक्षेपित होऊ लागले. मधल्या काळात देशातील राजवटच बदलली होती. जुन्या राजवटीत काढलेले हे चित्रपट नव्या राजवटीत पाहिले गेले आणि तरीही ते शिळे वाटले नाहीत, याचे एक कारण असे की दिग्दर्शकाने त्यांतून राजकारण हेतुपुरस्सर वगळले होते. दुकानांपुढच्या रांगा नाहीत, घोषणा नाहीत, पक्षाचे अधिकारी नाहीत. उरतात ती माणसे, त्यांची घरे आणि त्यांच्यासमोरचा एकेक पेच.

चित्रपटांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. आज्ञेचा मजकूर पडद्यावर येत नाही, कोणाच्या तोंडीही घातलेला नाही. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते. पण क्रमांकाचा प्रश्न मुळीच किरकोळ नाही. 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्यात ही वचने आली आहेत, परंतु तेथे त्यांना आकडे घातलेले नाहीत. दहा ही संख्या ठरलेली, वाटणी मात्र ज्याची त्याची. यहुदी परंपरेत 'मी तुझा देव' हे विधानच पहिले वचन मानतात. कॅथलिक पंथ मूर्तिनिषेध पहिल्या आज्ञेत घेतो आणि लोभाच्या दोन आज्ञा करतो: शेजाऱ्याची पत्नी नववीत, त्याची मालमत्ता दहावीत. सुधारक प्रोटेस्टंट पंथ मूर्तिनिषेध स्वतंत्र धरतो आणि लोभ एकत्र करतो. परिणाम असा की खून न करण्याची आज्ञा वसईच्या कॅथलिक घरात पाचवी असते, तर अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत वाढलेल्या अहमदनगरच्या ख्रिस्ती घरात सहावी. पोलंड कॅथलिक, तेव्हा किश्लोव्स्कींचा पाचवा चित्रपट खुनाचा आहे. नगरचा एखादा जुना पाळक तो पाहायला बसला, तर तो त्यात आईबापांचा मान राखण्याची आज्ञा शोधील. आणि गंमत अशी की ती त्याला अगदीच सापडणार नाही असे नाही.

आकडेच सांगायचे आणि मजकूर सांगायचा नाही, या योजनेमुळे प्रेक्षकाला स्वतःच्या स्मरणातून आज्ञा काढावी लागते. मग तो पाहतो की समोरची कथा त्या आज्ञेवर नेमकी बसत नाही. सहाव्यात व्यभिचार शब्दशः शोधावा तर सापडत नाही. उलट नववा चित्रपट त्यानेच भरलेला आहे. लहानपणी इसापनीतीच्या गोष्टींखाली जाड ठशात 'तात्पर्य' वाचायची आम्हां मराठी वाचकांना सवय. येथे तात्पर्य आधी आकड्याच्या रूपाने दिलेले आहे, आणि गोष्ट त्याच्या हातून निसटते.

आज्ञा रोजच्या जीवनात कोठे भेटते, हे पाहायचे तर आपल्याकडचे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी पडेल. कोकणातील बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. त्या गावकऱ्यांनी मोशेचे नाव ऐकले असण्याचे कारण नव्हते. पण शब्बाथाची आज्ञा त्यांना ठाऊक होती, ती घाण्याचा आवाज न आल्यामुळे. मूळ आज्ञेत विश्रांती केवळ घरधन्याला सांगितलेली नाही. दास, दासी, वेशीच्या आत राहणारा परका आणि गुरेढोरे यांनाही ती आहे, आणि 'अनुवाद'मध्ये तिचे कारण असे दिले आहे की तूही एके काळी मिसर देशात दास होतास. म्हणजे शनिवारी घाण्याचा बैल उभा राही तोही त्या आज्ञेच्या आधाराने. आज्ञेचे दैनंदिन रूप हे असे असते: दुसऱ्याच्या खांद्यावरचे जू एक दिवस उतरते.

किश्लोव्स्कींनी यासाठी वॉर्सातील एक वसाहत निवडली. उंच, करड्या, एकासारख्या एक इमारती. जिना, लिफ्ट, टपालपेट्या, समोरासमोरच्या खिडक्या. युद्धकाळात ज्यू लोकांना ज्या भागात कोंडून ठेवले होते त्याच बाजूला ती उभी आहे. दहाही कथांतील माणसे येथे राहतात आणि एकमेकांच्या कथांतून ओझरती जातात. पहिल्या चित्रपटात ज्याचा मुलगा मरतो तो बाप तिसऱ्याच्या आरंभी नाताळच्या आदल्या रात्री दारापाशी क्षणभर दिसतो. समोरून नाताळबाबाचा वेष केलेला शेजारी येतो, दोघांत दोन शब्द होतात, आणि शेजारी आपल्या मुलांकडे निघून जातो. दुसऱ्या चित्रपटातील जोडपे पाचव्यात टॅक्सीची वाट पाहत थंडीत उभे असते आणि टॅक्सीवाला त्यांना मुद्दाम तसेच ठेवून गाडी हाकतो. त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक नसते. आज्ञांच्या उत्तरार्धात 'शेजारी' हा शब्द पुन्हापुन्हा येतो: शेजाऱ्याविरुद्ध साक्ष, शेजाऱ्याचे घर, त्याची पत्नी, त्याचा बैल. सरकारी क्वार्टर्समध्ये दिवस काढलेल्यांना हा शेजारी चांगला परिचित आहे. आपण त्याला निवडलेला नसतो. त्याच्या घरात काय शिजते हे आपल्याला कळते, आणि त्याच्या मनात काय शिजते हे वर्षानुवर्षे कळत नाही. या वसाहतीची निवड हे मालिकेचे निम्मे यश आहे असे आमचे मत आहे.

आता पाचव्या चित्रपटाकडे वळू. यात्सेक नावाचा विशीतला मुलगा काही कारण नसताना एका टॅक्सीचालकाला मारतो. प्योत्र हा नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला वकील त्याची बाजू मांडतो आणि हरतो. यात्सेकला फाशी होते. कथा एवढीच. पहिले मरण लांबलचक आणि गलथान आहे. दोर पुरत नाही, माणूस मरत नाही, शेवटी दगड उचलावा लागतो. पाहणाऱ्याला मान फिरवावीशी वाटते. दुसरे मरण नीटनेटके आहे. एक मनुष्य आधी येऊन फळी पडते की नाही हे तपासतो, दोरीची लांबी बघतो. धर्मगुरू, डॉक्टर, सरकारी वकील हजर असतात. दयेचा अर्ज फेटाळल्याचे वाचून दाखविले जाते. शेवटची सिगारेट दिली जाते. प्रत्येक जण आपल्या वाट्याचे काम करतो आणि त्यातला कोणीही दुष्ट नाही.

येथे कोणी शास्त्री म्हणेल की मूळ हिब्रू क्रियापद सर्व प्रकारच्या मारण्याला उद्देशून नाही. ते अन्याय्य वधाचे आहे. आणि त्याच 'निर्गम' पुस्तकात, आज्ञांच्या पुढच्याच अध्यायात, खुन्याला देहान्त सांगितला आहे. हे खरे आहे. शब्दार्थाच्या न्यायालयात सरकारी फाशी निर्दोष सुटते. किश्लोव्स्की त्या वादात पडत नाहीत. ते दोन्ही मरणे सारख्याच जवळून दाखवितात आणि दुसरे मरण पहिल्यापेक्षा सुव्यवस्थित आहे एवढेच आपल्या नजरेस आणून देतात. फाशीपूर्वीचा प्रसंग तर अधिकाऱ्याने पाहावाच असा आहे. यात्सेक वकिलाला आपल्या लहान बहिणीविषयी सांगतो. त्याच्याच मित्राने, दोघे मिळून दारू प्याल्यावर, चालविलेल्या ट्रॅक्टरखाली ती मेली. बापाशेजारी आपल्याला पुरावे असे तो म्हणतो. आईचा निरोप सांगतो. आमच्या नगरच्या पाळकाला पाचवी आज्ञा येथे भेटते. बाहेरून पुन्हापुन्हा विचारणा होते की बोलणे आटोपले का. प्योत्रला कळते की 'आटोपले' हा शब्द उच्चारला की पुढची कार्यवाही सुरू होणार, आणि तो शब्द उच्चारण्यास तो नकार देतो. कार्यालयीन भाषेतील एका साध्या शब्दावर एका जिवाची मिनिटे अवलंबून आहेत हे इतक्या संयमाने दाखविलेले आम्हांला दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात आठवत नाही.

या चित्रपटाचे मोठे रूप 1988 मध्ये कान महोत्सवात ज्यूरीच्या पारितोषिकाला पात्र ठरले. त्याच वर्षीच्या एप्रिलनंतर पोलंडमध्ये कोणाला फाशी दिली गेलेली नाही, आणि 1997 च्या दंडसंहितेने ती शिक्षाच रद्द केली. याचे श्रेय चित्रपटाला देण्याचा उतावीळपणा आम्ही करणार नाही. कायदे अनेक हातांनी बदलतात. आपल्याकडे 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचनसिंग खटल्यात 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी घालून दिली आणि शिक्षा कायद्यात राहिली. तुरुंगाधिकारी, दंडाधिकारी, वैद्यकीय अधिकारी यांनी अशा पहाटे हजर राहायचे असते. आमच्या वाचकांपैकी ज्याच्यावर तो प्रसंग आला असेल त्याला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

मालिकेतील सर्वांत खोल चित्रपट आमच्या मते आठवा. झोफिया ही विद्यापीठात नीतिशास्त्र शिकविणारी वृद्ध प्राध्यापिका. तिच्या वर्गात अमेरिकेहून एल्झ्बेता नावाची संशोधक येऊन बसते. विद्यार्थ्यांनी विचारार्थ प्रसंग मांडायचे अशी वर्गाची रीत. एल्झ्बेताही एक मांडते. 1943 चा हिवाळा. सहा वर्षांची एक ज्यू मुलगी. एक कुटुंब तिला आश्रय द्यायला तयार आहे, परंतु बाप्तिस्म्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी धर्मपिता व धर्ममाता म्हणून उभे राहणारे जोडपे हवे. एक तरुण कॅथलिक जोडपे कबूल होते आणि ऐन वेळी माघार घेते. कारण काय, तर खोटी साक्ष देणे आपल्या धर्मात बसत नाही. संचारबंदीची वेळ जवळ येत असताना त्या मुलीला पुन्हा रस्त्यावर जावे लागते. ती मुलगी म्हणजे एल्झ्बेता, आणि जोडप्यातील स्त्री म्हणजे झोफिया, हे दोघींना वर्गातच उमगते; विद्यार्थ्यांना उमगत नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक ब्राह्मणाची कथा आहे. सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने पळून आलेली माणसे कोठे लपली हे दरोडेखोरांना खरे खरे सांगितले; माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मराठी वाचकाला आठव्या चित्रपटाचा आरंभ पाहताना ही कथा आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि तिच्यामागोमाग 'गीतारहस्या'तील 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरणही आठवेल. सत्य आणि अहिंसा यांसारख्या निरपवाद वाटणाऱ्या नियमांनाही अपवाद कोठे व कसा मानावा, याची चर्चा टिळकांनी तेथे आपल्या व पाश्चात्त्यांच्या ग्रंथांच्या आधारे केली आहे. चित्रपट येथेच थांबता तर तो एक चांगला दृष्टान्त झाला असता: मुलीचा जीव मोठा की आज्ञेचे अक्षर मोठे? उत्तर कोणताही समंजस मनुष्य देईल.

पण चित्रपट थांबत नाही. त्या संध्याकाळी झोफिया आपले खरे कारण एल्झ्बेताला सांगते. खोट्या साक्षीचा बहाणा होता. तिचा नवरा भूमिगत प्रतिकारात होता. मुलीला आश्रय देणारे कुटुंब गेस्टापोला मिळालेले आहे अशी खबर त्यांना आली होती. दाखला दिला असता तर माग लागून संघटनेतील कितीतरी माणसे पकडली गेली असती. पुढे कळले की खबर खोटी होती. ज्यांच्यावर संशय घेतला ते निर्दोष होते.

आता आठवी आज्ञा पुन्हा वाचावी. तिच्यात खोटे बोलू नये असे सरसकट म्हटलेले नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असे म्हटले आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर खोटी सही झाली असती तर ती कोणाच्याही विरुद्ध नव्हती. शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष होती ती निराळीच: तो शिंपी शत्रूला मिळालेला आहे, ही कोणी तरी आणलेली, कोणी न तपासलेली, आणि जबाबदार माणसांनी ग्राह्य धरलेली खबर. आज्ञा मोडली गेली ती तेथे, आणि तीही आज्ञा पाळण्याचे निमित्त सांगून. समीक्षकांचे लक्ष सहसा दाखल्यावर खिळलेले असते. आम्हांला वाटते, चित्रपटाचा मर्मबिंदू ही खबर आहे. ज्यांनी गोपनीय अहवाल लिहिले आहेत, किंवा ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले आहेत, त्यांना या स्थळी थांबून विचार करावा लागेल. नियमावर बोट ठेवून नकार देणे किती सोपे असते, आणि त्या नकारामागचे खरे कारण फाइलीत कसे येत नाही, हेही त्यांना सांगायला नको.

झोफिया स्वतःचे समर्थन करीत नाही. तिने पुढे युद्धकाळात पुष्कळांना वाचविले, हेही एल्झ्बेताला ठाऊक आहे. पण त्या गोष्टीने जुनी बाकी फिटते असा हिशेब दोघींपैकी कोणीच मांडत नाही. झोफियाच्या खोलीत भिंतीवर एक चित्र आहे. ते कितीदा सरळ केले तरी पुन्हा तिरके होते. प्रतीक थोडे उघड आहे, तरी चालण्याजोगे. शेवटी एल्झ्बेता त्या शिंप्याकडे जाते. तो म्हातारा झाला आहे. युद्धाविषयी तो बोलू इच्छीत नाही. कपडे शिवायचे असतील तर माप घेऊ म्हणतो. झोफिया बाहेर उभी आहे, आणि तो खिडकीतून दोघींकडे पाहत राहतो. क्षमा मागितली जात नाही, दिली जात नाही. ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली गेली त्याने आपली साक्ष देण्याचे नाकारले, असा हा शेवट आहे.

'गीतारहस्य' आणि 'डेकालोग' यांची तुलना आम्ही सहज केली नाही. टिळकांना अपवादाचा नियम हवा आहे. कर्त्याने निर्णय कोणत्या बुद्धीने करावा हे त्यांना ठरवायचे आहे. किश्लोव्स्कींना निर्णयानंतर जी माणसे उरतात ती पाहायची आहेत. अपवाद योग्य ठरला तरी रस्त्यावर गेलेली मुलगी रस्त्यावर गेलेलीच असते. म्हणून 'येथे आज्ञा निरुपयोगी ठरतात' हे म्हणणे आम्ही मान्य करीत नाही. आज्ञा निरुपयोगी असती तर झोफिया चाळीस वर्षांवर नीतिशास्त्र शिकवून निवांत झोपली असती.

पहिल्या चित्रपटाविषयी मात्र आमची तक्रार आहे. विद्यापीठातील अध्यापक क्रिश्तोफ आणि त्याचा छोटा मुलगा पावेल यांचा संगणकावर विश्वास. तळ्यावरचा बर्फ मुलाचे वजन पेलील काय, हे ते हवामानखात्याचे आकडे घालून काढतात. उत्तर येते की कितीतरी अधिक वजन पेलील. बाप रात्री स्वतः बर्फावर चालूनही पाहतो. दुसऱ्या दिवशी बर्फ फुटतो. अखेर बाप अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन वेदी उलथतो, आणि वितळलेल्या मेणाचे थेंब मातेच्या चित्रावर अश्रूंसारखे ओघळतात.

बाप आणि मुलगा यांच्यातील जिव्हाळा, सकाळच्या न्याहरीच्या वेळी मेलेले कुत्रे पाहून आलेल्या मुलाने मरणाविषयी विचारलेले प्रश्न, शाईची बाटली तडकून कागदावर पसरत गेलेला डाग, खाली जमलेल्या माणसांत बापाने जिन्याने उतरणे. हे सारे अविस्मरणीय आहे. परंतु आज्ञेशी त्याचा सांधा जोडताना अडचण येते. देवाखेरीज दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला म्हणून लेकरू गेले, असा अर्थ घ्यावा तर तो देव क्रूर ठरतो आणि चित्रपट भित्रा. संगणक आपोआप सुरू होऊन आपण सज्ज असल्याचे सांगतो, हा प्रसंग त्या अर्थाकडे बोट दाखवितो, आणि तो नसता तर बरे झाले असते. गणित करणाऱ्या बापाचा दोष कोणता? त्याने काळजी घेतली. ती पुरी पडली नाही. कोणत्याही अभियंत्यावर येऊ शकेल असा हा प्रसंग आहे, आणि मोजमापाला मूर्तिपूजा म्हणणे अन्यायाचे आहे. सुदैवाने नट आणि दिग्दर्शक दोघेही कथेपेक्षा शहाणे आहेत. वेदी उलथणारा बाप शिक्षा भोगणारा पापी दिसत नाही. ज्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता त्याच्याशी तो भांडायला आलेला दिसतो, आणि भांडायला कोणी तरी समोर असावे लागते.

दुसऱ्यात दोरोता ही वादक स्त्री रुग्णालयातील म्हाताऱ्या डॉक्टरांना गाठते. तिचा नवरा मरणार की जगणार हे त्यांनी निश्चित सांगावे, कारण तिच्या पोटी दुसऱ्याचे मूल आहे. नवरा जगणार असेल तर ते मूल तिला ठेवता येणार नाही. डॉक्टर आरंभी 'सांगता येत नाही' म्हणतात, आणि शेवटी तो मरणार असे शपथेवर सांगतात. तो जगतो. युद्धात आपले सर्व कुटुंब एका दिवसात गमावलेल्या या डॉक्टरांनी न जन्मलेल्या जीवासाठी देवाचे नाव व्यर्थ घेतले काय? आठव्या चित्रपटात झोफियाच्या वर्गातला विद्यार्थी हीच कथा उदाहरण म्हणून मांडतो तेव्हा पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की जे आपण तासभर सोसले ते वर्गात चार वाक्यांत संपते. हा टोमणा नीतिशास्त्राला आहे, आणि तो आम्हां समीक्षकांनाही लागू पडतो.

चौथा व सातवा हे आईबापांचे आणि मुलांचे चित्रपट. सातव्यात सोळाव्या वर्षी झालेली मुलगी आपल्या आईने स्वतःची म्हणून वाढविली, तिला माइका पळवून नेते. जे आपलेच आहे ते नेणे ही चोरी कशी, असा तिचा प्रश्न. चोरी प्रथम कोणी केली हे उघड आहे, तरीही शेवटी आगगाडीत बसून निघून जाते ती माइकाच, एकटी. चौथ्यातील मृत आईचे न उघडलेले पत्र आणि ते जाळण्याचा बापलेकीचा निर्णय यांवर एक स्वतंत्र लेख होईल. तिसरा आणि नववा आम्हांला सैल वाटले. तिसऱ्यात नाताळच्या रात्रभर चाललेली शोधाशोध लांबते आणि तिचे रहस्य उलगडते तेव्हा सहानुभूतीपेक्षा सुटकाच वाटते. नवव्यात योगायोग फार. सहाव्यातील तोमेक हा दुर्बिणीतून समोरच्या खिडकीतल्या स्त्रीला पाहणारा टपाल-कारकून ध्यानात राहतो, कारण त्याचा गुन्हा आणि त्याचे प्रेम यांना एकच वाट आहे.

बहुतेक चित्रपटांत आर्तुर बार्चिश या नटाचा एक मूक मनुष्य दिसतो: कधी तळ्याकाठी शेकोटीजवळ, कधी रुग्णालयात, कधी रस्त्याच्या कामावर. तो पाहतो आणि काही करीत नाही. त्याला देवदूत म्हणण्याची घाई पुष्कळांनी केली आहे. आम्हांला तो वसाहतीतलाच एखादा वाटतो: ज्याला सर्व ठाऊक असते आणि ज्याला कोणी विचारीत नाही.

दहावा चित्रपट हास्यरसाचा आहे, आणि मालिकेचा शेवट असा करण्यात दिग्दर्शकाचे तारतम्य दिसते. टपालतिकिटांचा वेडा बाप मरतो. त्याच्या दोघा मुलांना, येर्झी आणि आर्तुर यांना, तो संग्रह किती मोलाचा आहे हे कळते आणि जन्मात तिकिटाकडे न पाहिलेले हे दोघे बापाचेच वेड घेतात. खिडक्यांना गज बसतात, दारात कुत्रा येतो. एका दुर्मिळ ऑस्ट्रियन तिकिटाच्या बदल्यात येर्झी आपले एक मूत्रपिंड देतो. तो शस्त्रक्रियेच्या मेजावर असताना चोर संग्रह नेतात. मग दोघे भाऊ वेगवेगळे पोलिसांकडे जाऊन एकमेकांवर संशय घेतात. येथे दहावीबरोबर आठवीही मोडते, आणि तीही सख्ख्या भावाविरुद्ध. लोभाच्या आज्ञेचे वैशिष्ट्य असे की ती कृत्याला नव्हे, इच्छेला मनाई करते. कोणतेही न्यायालय तिची अंमलबजावणी करू शकत नाही. चित्रपट तिची अंमलबजावणी हसवून करतो. अखेरीस दोघे आपापल्या संशयाची कबुली देतात आणि टेबलावर आपण नव्याने घेतलेली तिकिटे मांडतात. दोघांनी एकमेकांना न सांगता तीच तीन साधी तिकिटे घेतलेली असतात, टपालकचेरीच्या खिडकीवर कोणालाही मिळतात ती. खिडकीमागे बसून ती विकणारा कारकून सहाव्या चित्रपटातला तोमेक असतो.